हिवराळे मामांची रेघ

हिवराळे मामांनी पहिल्या दिवशी आमच्या कारखान्यात काय काम केलं, ते माझ्या वहीत लिहिलेलं आहे. बाहेरून कुणीही कामाला आलं की मी नोंद ठेवते: कधी आले, काय केलं, काय राहिलं. त्या दिवशीची नोंद अशी आहे: 'आले साडेदहा, गेले दीड. अकरा स्टुलांवर बसले.' आणि 'काय राहिलं' या रकान्यात मी पेन दाबून लिहिलं होतं, 'सगळं.'

बजाजनगरात आमचा शिवणकामाचा छोटा कारखाना आहे. वाळूजच्या कंपन्यांना लागणारे कामगारांचे गणवेश आणि एप्रन आम्ही शिवतो. जागा आगगाडीच्या डब्यासारखी लांबट. रस्त्याच्या बाजूला ऑफिस आणि कटिंग, मध्ये शिलाईचा हॉल, हॉलच्या टोकाला इस्त्रीचं टेबल आणि मागे पत्र्याच्या शेडमध्ये पॅकिंग. बावीस बायका काम करतात. आमचं निम्म्याहून जास्त काम एकाच कंपनीचं. त्या कंपनीने एक दिवस कळवलं की यापुढे कापडाचं प्रत्येक बंडल कटिंगपासून पॅकिंगपर्यंत, प्रत्येक टेबलावर फोनने स्कॅन करायचं आणि त्याची माहिती त्याच क्षणी त्यांच्याकडे पोचली पाहिजे. महिन्याभरात त्यांचं माणूस बघायला येणार. जमलं तर ऑर्डर पुढे चालू, नाही जमलं तर दुसरीकडे. ऑर्डर गेली असती तर बावीसपैकी दहा-बारा जणींना मला घरी बसवावं लागलं असतं. त्या कुणाकुणाला, ही यादी करायची मला हिंमत झाली नव्हती. एरवी मी कशाचीही यादी करते.

वायफाय आमच्याकडे होतं, पण ते ऑफिसपुरतं. एका दुकानदाराने तीन शिंगांचा मोठा डबा दिला, तोही हॉलच्या मध्यापर्यंत पोचून थांबला. दुसऱ्याने त्याचा जोर वाढवायला मागच्या भिंतीला एक छोटा डबा ठोकला. त्याचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. बंडल घेऊन बाई शेडमध्ये गेली तरी फोन जुन्याच नावाला चिकटून बसायचा आणि स्क्रीनवर चाक फिरत राहायचं. तेव्हा कटिंगच्या कुसुमबाई म्हणाल्या, आमच्या गल्लीत एक मामा आहेत, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, बिडकीनकडचे. ते अशी कामं करतात, पण जरा वेळ घेतात.

मामा आले ते सिटी बसने. साठी ओलांडलेली, अंगात पांढराशुभ्र कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला टेस्टर आणि पेन, हातात रेक्झिनची जुनी पिशवी. दारातच त्यांनी सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं "जय भीम" म्हटलं. मी "नमस्कार" म्हणून लगेच माझी यादी पुढे केली. सात कलमं होती, कुठल्या भिंतीला काय लावायचं त्याची. त्यांनी ती नीट वाचली, घडी करून मला परत दिली आणि विचारलं की जुना डबा कुठं आहे.

तो लोखंडी कपाटात होता. कुलूप लावून. किल्ली माझ्याकडे. वस्तू महागाची, कापडाची धूळ बसू नये, कुणाचा हात लागू नये, म्हणून.

मी कपाट उघडलं. मामांनी आत मिणमिणणाऱ्या दिव्यांकडे बराच वेळ बघितलं.

"ह्याला कोणत्या गुन्ह्यात आत टाकलंय, ताई?"

हॉलमधल्या सगळ्या मशीन एकदम थांबल्या, आणि मग हशा पिकला. माझ्यावर उघड हसायची ती पहिलीच वेळ असावी.

त्यानंतरचे तीन तास ते स्टुलांवर बसले. अक्षरशः. कटिंगच्या टेबलापाशी जाऊन कुसुमबाईंना म्हणाले, दोन मिनिटं तुमची जागा द्या. तिथं बसून फोन त्यांच्यासारखाच धरला, बंडल त्यांच्यासारखंच डाव्या हाताला ठेवलं. फोन कुठल्या हातात असतो, बंडल कुठून येतं, वाकल्यावर पाठ कुणीकडे होते, सगळं विचारलं. मग पुढचं स्टूल. मशीनवरच्या एकीकडून मार्किंगचा निळा खडू मागून घेतला आणि जिथं फोन अडखळला तिथं फरशीवर रेघ मारली. मी म्हटलं, मामा, डबे कुठं लावायचे ते आधी ठरवू या.

"डबा भिंतीला लावायचा असतो व्हय? डबा माणसाला लावायचा असतो. माणूस कुठं बसतं ते आधी बघू द्या."

दीड वाजता ते खडू खिशात टाकून गेले. डबा एकही लागला नव्हता. फरशीवर चार निळ्या रेघा होत्या आणि झाडणाऱ्या मावशींना सांगून ठेवलेलं होतं की त्या पुसायच्या नाहीत. पाय वाचवून चालताना मी त्या दिवशी बरंच काही मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चार सारखे छोटे डबे आणायला लावले. चारही मिळून एकच नाव, एकच पासवर्ड. बायकांनी काम थांबवून त्यांच्याभोवती घोळका केला, कारण प्रत्येकीला हे डबे आधीच्यापेक्षा वेगळे कसे ते जाणून घ्यायचं होतं. मामांनी विचारलं, स्लॅब टाकायच्या कामावर कोण कोण गेलंय? सहा-सात हात वर झाले. मग घमेलं वर कसं जातं? एका हातातून दुसऱ्या हातात. तसंच हे. तुम्ही चालत पुढं गेलात की एक डबा तुम्हाला दुसऱ्याच्या हातात देतो. तुम्हाला पत्ता लागत नाही. उद्या कारखाना वाढला तर रांगेत आणखी एक माणूस उभा करायचा, एवढंच.

"आन् मधलाच माणूस उठून गेला तर?" मंदाने विचारलं. मंदा शिलाईला आहे आणि तिला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची हौस आहे.

"तर घमेलं तिथंच ऱ्हाईल," मामा म्हणाले. "लई शानी हायस."

फरशीवरच्या रेघांचा अर्थ मला त्या दिवशी कळला. मी त्यांना हद्द समजत होते. इथं संपलं, अशी खूण. मामांनी प्रत्येक रेघेवर उभं राहून वर बघितलं आणि तिथंच, माणसाच्या डोक्याच्या वर, एकेक डबा बसवला. तारेचे कापलेले तुकडे खाली पडू दिले नाहीत, शर्टाच्या खिशात टाकले. काम संपलं तेव्हा त्यांचा शर्ट सकाळइतकाच पांढरा होता.

मग नावांचा प्रश्न आला. फोनच्या पडद्यावर चारही डबे दिसतात, त्यांना नाव द्यावं लागतं. मी म्हटलं, युनिट एक, दोन, तीन, चार. मामांनी मान हलवली. ज्याच्याखाली जी बसते तिचं नाव, असं त्यांचं म्हणणं. कटिंगचा कुसुम, शिलाईचा मंदा, इस्त्रीचा शकीला, पॅकिंगचा लता.

"नंबरला कुणी जपत नाय, ताई. नाव असलं की माणूस वर बघतं."

तसं झालंही. लता पॅकिंगला बसण्याआधी स्टुलावर चढून डबा कोरड्या फडक्याने पुसायला लागली. मंदाने आपल्या डब्याचा दिवा लतापेक्षा जास्त हिरवा आहे असं दोन दिवस सगळ्यांना ऐकवलं.

मामांविषयी मला जी थोडी माहिती आहे ती त्यांच्या जेवणाच्या सुट्टीतली. डबा आमच्याबरोबर बसूनच खायचे, कुसुमबाईंची शेंगदाण्याची चटणी मागून घ्यायचे आणि नोकरीतलं काहीबाही सांगायचे. त्यांची सगळी उमर खड्ड्यात गेली असं ते हसत म्हणत. रस्ता खणून जमिनीखालची केबल जोडायचं काम. एका केबलमध्ये शेकडो तारा, प्रत्येक जोडीचा रंग वेगळा. सुरुवातीची काही वर्षं त्यांना फक्त खड्ड्यातलं पाणी उपसायला ठेवलं होतं. जोड कुठं कुठं आहेत त्याची डायरी त्यांच्या वरच्या माणसाकडे असायची. तो ती काखेत धरूनच जेवायचा, हिवराळ्याला कधी उघडून दाखवली नाही. पुढे तो माणूस अचानक वारला. डायरी त्याच्या घरीही सापडली नाही. गंगापूर रस्त्यावर एक केबल बिघडली तेव्हा जोड शोधायला चार दिवस रस्ता खणत बसावं लागलं. निम्मं गाव फोनशिवाय.

"तवाच ठरवलं," मामा म्हणाले. "आपण नसलो तरी काम चाललं पाहिजे. नायतर काम काय केलं मग?"

हे सांगताना त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. चटणी संपली का, तेही त्याच सुरात विचारलं.

तपासणीला पाच दिवस राहिले असताना गडबड सुरू झाली. पॅकिंगमधलं स्कॅनिंग मध्येच बंद पडायचं. दिवसातून पाच-सहा वेळा, कधीही. मी फोनवर बघायची तर 'शकीला' गायब आणि तिच्यामागे 'लता' गायब. धावत इस्त्रीच्या टेबलापाशी जाईपर्यंत डब्यावर हिरवा दिवा लागायच्या बेतात असायचा. दोन मिनिटांत सगळं ठीक. तासाभराने पुन्हा तेच. मशीनवरून आवाज यायला लागले, "आपा पुन्हा गेली बघा फिरायला."

शकीलाआपा आमच्याकडे चार वर्षं इस्त्रीला आहे. कमी बोलते, कधी खाडा नाही. पण तिच्या फोनची बॅटरी सारखी उतरते हे मला माहीत होतं आणि मी मनाशी हिशेब जुळवून टाकला. तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तिला विचारलं की डब्याची पिन काढून तू फोन चार्जिंगला लावतेस का.

"मैं उसकू हात भी नहीं लगाती, मॅडम," ती म्हणाली.

मी म्हटलं, मग ते आपोआप होतंय का? ती पुन्हा इस्त्रीला लागली. दुपारी जेवायलाही सगळ्यांत बसली नाही. मी तिला इस्त्रीवरून काढून तपासणी होईपर्यंत घडी घालायला बसवायचं ठरवलं आणि वहीत तसं लिहिलंही. मामांना मात्र फोन करून सांगितलं की डबा खराब निघालाय, बदलून घ्या. मामांचा नियम होता, दिवा बघितल्याशिवाय फोन करायचा नाही. म्हणून मी दिव्याचं, आपाचं, सगळं सांगितलं. ते म्हणाले, काही बदलू नका, कुणाला हलवू नका, मी येतो.

आले, आणि इस्त्रीच्या टेबलाजवळ एक स्टूल घेऊन बसले. डब्याकडे त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. सकाळी अकरापासून दुपारी तीनपर्यंत नुसते बसून होते. शकीलाआपाला इस्त्रीचं पाणी कुठून आणता, मुलगा काय शिकतो, असं विचारत. ती आधी तुटक बोलत होती, नंतर नीट बोलायला लागली. मी ऑफिसातून तीनदा डोकावून गेले. तपासणीला दोन दिवस आणि हे गप्पा मारतायत.

तीन वाजता त्यांनी मला फाटकाबाहेर बोलावलं.

"ताई, तुमच्या भिंतीवर कागद हाय. एक नंबरला काय लिहिलंय?"

मला पाठ होतं. मीच लिहिलंय, लाल शाईने. मागे एकदा इस्त्री चालू राहून एप्रनचा गठ्ठा जळता जळता वाचला होता, त्यानंतर: 'इस्त्री सोडून उठताना बोर्डावरची सर्व बटणे बंद करावीत.'

"सर्व," मामा म्हणाले. "बाई पाण्याला उठली, सर्व बंद. नमाजला उठली, सर्व बंद. आली की सर्व चालू. डब्याला हात लावायचं तिला कामच नाय. चार तासांत पाच डाव उठली, एक डाव बी चुकली नाय."

डब्याची तार त्याच बोर्डात होती. त्या टोकाला दुसरा बोर्डच नव्हता. मधलं माणूस उठून जात होतं, आणि उठा असं मीच भिंतीवर लिहून ठेवलं होतं.

मामा म्हणाले की निम्मी चूक त्यांची आहे. तार कुठं जाते ते त्यांनी बघितलं, बटण कोण दाबतं ते विचारलं नाही. अकरा स्टुलांवर बसले, पण इस्त्रीला स्टूल नसतं, ती बाई उभी असते, म्हणून ती जागा तेवढी राहिली. मग म्हणाले, "आत जाऊन तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर तिला वाटंल, माझ्यामुळं झालं. तुम्ही सांगितलं तर कागदामुळं झालं."

मी आत गेले, मशीन थांबवायला सांगितल्या आणि सांगितलं. चूक माझ्या नियमाची होती, शकीलाआपा तो नियम पाळत होती, आणि मी तिला सगळ्यांसमोर बोलले ते चुकलं, म्हणून सगळ्यांसमोरच माफी मागते. मोजून तीन वाक्यं. शकीलाआपाने इस्त्री उचलली, बोटाने पाणी शिंपडलं आणि म्हणाली, "हौ मॅडम. अब मैं उठू तो क्या बंद करू, वो बोलो."

मंदा सगळ्यात आधी हसली.

मामांनी दुसऱ्या दिवशी डब्यासाठी वर, हात पोचणार नाही अशा जागी वेगळा पॉइंट घेतला आणि बॅटरी बसवली. एवढ्यावर भागलं असतं. पण ते म्हणाले की एकाच शेजाऱ्याच्या भरवशावर राहायचं नाही, प्रत्येक डब्याला दोन शेजारी पाहिजेत. त्यासाठी हॉल आणि शेडच्या मधल्या खिडकीपाशी पाचवा डबा लागणार होता. तो मात्र त्यांनी स्वतः लावला नाही. शकीलाआपाला बोलावलं.

मी बाजूला घेऊन म्हटलं, मामा, मंदा चलाख आहे, तिला शिकवा. ही फोनवर धड मेसेजही लिहीत नाही.

"चलाख माणूस विसरतं, ताई. जी बाई चार वर्षं न चुकता बटण बंद करती, तिलाच हे जमणार."

तो दिवस मला चांगला आठवतो. शकीलाआपा स्टुलावर उभी, मामा खाली हात मागे बांधून. ती म्हणत होती, "मामू, मेरे से नक्को, बिगडेगा." मामा म्हणत होते, बिघडलं तर बिघडू दे, मी इथंच हाय. फोनवर एक टप्पा चुकला तर तिने तीनदा तोच केला. मामांनी बोट लावलं नाही. शेवटी पाचव्या डब्याचा दिवा हिरवा झाला तेव्हा तिने मागे वळून आमच्याकडे बघितलं नाही, खाली उतरून आधी बोर्डावरची बटणं बघितली.

तपासणीच्या दिवशी मामांनी यायला नकार दिला. ते आले तर आम्ही सगळ्या त्यांच्या तोंडाकडे बघू, म्हणून. कंपनीकडून एक बाई आल्या, टॅब घेऊन. कटिंगपासून निघाल्या, बंडलामागे चालत शेवटपर्यंत गेल्या. कुठं चाक फिरलं नाही. मला वाटलं, झालं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, यातला एखादा डबा बंद पडला तर? आणि हे सगळं कोण सांभाळतं?

मी तोंड उघडायच्या आत शकीलाआपाने इस्त्री खाली ठेवली, बोर्ड बंद केला, स्टूल घेतलं आणि 'शकीला'चीच पिन काढली. मग खाली येऊन आपला फोन त्या बाईंच्या हातात दिला. लताने शेडमधून बंडल स्कॅन केलं. गेलं. दुसरं केलं. तेही गेलं. त्या बाईंनी फोनवरची नावं वाचली: कुसुम, मंदा, लता आणि, खाली कुणी बसत नाही म्हणून, नुसतीच 'खिडकी'. एक नाव करडं झालेलं.

"शकीला कोण?"

"मैं," आपा म्हणाली. "मैं नहीं रही तो भी चलता."

ऑर्डर राहिली. बावीसच्या बावीस जणी राहिल्या. मी मामांना फोन केला तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "पिन परत लावली का?"

वर्षभराने आम्ही शेजारची जागा घेतली आणि आणखी दोन डबे लागणार होते. शकीलाआपाने स्वतः सगळं बघितलं, सगळ्या स्टुलांवर बसून, उभं राहायच्या जागी उभं राहून. तरी मी मामांना बोलावलं. ते आता बसने येत नव्हते, गुडघे फार दुखत होते. मुलीकडे नांदेडला कायमचं जायचं ठरलं होतं. कुसुमबाईंबरोबर रिक्षाने आले. "जय भीम, मामा," मी दारातच म्हटलं. त्यांनी जय भीम केला आणि बसायला स्टूल मागितलं. काम होईपर्यंत त्यांनी एकही गोष्ट सांगितली नाही. तारेचे तुकडे शकीलाआपाने दुपट्ट्याच्या टोकात बांधले, ते मात्र त्यांनी बघितलं आणि मान डोलावली.

शेवटच्या डब्याला नाव द्यायचं होतं. आपाने लाजत लाजत सांगितलं, 'मामू' द्यायचं ठरलंय. सगळ्या जणी टाळ्या वाजवायच्या बेतात होत्या.

"मी इथं बसतो का?" मामा म्हणाले. "कोण बसतं इथं?"

तिथं बसणारी बाई कालच कामाला लागली होती. मलाही तिचं नाव वहीत बघावं लागलं. संगीता. मामांनी तिला पुढे बोलावलं, डब्याखाली उभं केलं आणि शकीलाआपाला म्हणाले, "टाक हिचं नाव."

निघताना रिक्षा कोपऱ्यावर उभी होती. मामा फाटकातून बाहेर पडले आणि रिक्षाकडे पाठ करून, फोन डोळ्यांसमोर धरून, एकेक पाऊल मागे टाकत चालायला लागले. कुसुमबाई ओरडल्या की मागे गाडी येतीय. त्यांनी हात वर करून गाडी थांबवली आणि तसेच मागे जात राहिले. मेडिकलच्या पुढे, बंद शटरच्या एका गाळ्यासमोर फोन अडखळला तसे थांबले. खिशातून खडू काढला. आमचाच निळा, वर्षभरापूर्वीचा, झिजून नखाएवढा झालेला. गुडघ्यावर हात टेकून वाकायला त्यांना वेळ लागला. सिमेंटच्या रस्त्यावर त्यांनी एक रेघ मारली, उठले, खडू खिशात टाकला आणि आमच्याकडे बघून बोटाने आधी रेघ दाखवली, मग मागचं शटर. मग रिक्षात बसले.

रिक्षा वळून गेल्यावर शकीलाआपा रस्ता ओलांडून त्या रेघेपर्यंत गेली. फोन बघितला, वर बघितलं. शटरवर पाटी होती, गाळा भाड्याने देणे आहे. तिने पाटीवरचा नंबर मोठ्याने वाचायला सुरुवात केली, आणि मी वही उघडली.